‘व्यायाम करा’ म्हणजे नेमका किती?

मा. संपादक महोदय,

दरवर्षी २१ जूनला योगदिनाची छायाचित्रे आपल्या दैनिकात येतात. पंचायतीची सभागृहे भरलेली, ओळीने अंथरलेल्या चटया, पुढे शिकवणारे. दुसऱ्या दिवसापासून त्याच सभागृहांना कुलूप लागते. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांसाठी त्या सभागृहातला आठवड्यातला एक तास हवा आहे. तेवढे मागण्यासाठी हे पत्र.

या आजारात अंगभर दुखते आणि ते दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ हटत नाही. सोबत थकवा असतो. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखे वाटते, बोलताना शब्द आठवत नाही, गॅसवर दूध ठेवलेले लक्षात राहत नाही. ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या व्यवस्थित येतात, एक्स-रेत काही दिसत नाही, सांधेही सुजत नाहीत. बिघाड असतो तो वेदनेचे संदेश वाहून नेणाऱ्या आणि मेंदूत त्यांचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत. साधा दाबसुद्धा ती वेदना म्हणून नोंदवू लागते. ब्लाऊजची शिलाई खांद्यावर जिथे टेकते तिथे आग होते, हे मी कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. जगात शंभरातल्या दोन ते चार जणांना हा आजार असतो, त्यातही बायकांचे प्रमाण जास्त. म्हणजे प्रत्येक वाड्यावर एखादी तरी असणारच, फक्त ती बोलत नसेल. बोलली तर उत्तर ठरलेले: “तुका कितें जालां? बरी दिसता तूं.”

माझे निदान व्हायला कित्येक वर्षे गेली. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, संधिवात हे सगळे आधी तपासून बाजूला सारावे लागते आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. निदान झाल्यावर हातात जो कागद मिळाला त्यावर गोळीचे नाव होते, किती मिलिग्रॅम ते होते, जेवणानंतर की झोपताना तेही होते. शेवटच्या ओळीत दोनच शब्द होते, ‘रेग्युलर एक्सरसाइज’. किती वेळ, कोणता, कोणाच्या देखरेखीखाली, दुखले तर काय करायचे, याबद्दल एक अक्षर नव्हते. अशाच कागदांविषयी मी इतर बायकांकडूनही ऐकले आहे.

मग काय होते ते सांगते. अंग जरा मोकळे वाटले त्या दिवशी बाई उत्साहाने तासभर झपाझप चालून येते, आल्यावर राहिलेले घरकामही उरकते. पुढचे दोन-तीन दिवस ती अंथरुणातून उठू शकत नाही. असे काही वेळा झाले की व्यायाम आपल्याला सोसत नाही असे तिच्या मनात पक्के बसते. चवथीच्या दिवसांत तर हे घरोघरी घडते. साफसफाई, नेवऱ्या, गणपतीवर बांधायची फळा-पानांची माटोळी, पाहुणे, आणि गणपती पोचवले की आठवडाभर अंग धरून बसायचे. या आजारात बऱ्या दिवशी हात आखडता घ्यावा लागतो आणि वाईट दिवशीही थोडे हलावे लागते. सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करायची, तेवढेच रोज करायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले नाही तरच पुढच्या आठवड्यात मिनिटभर वाढवायचे. ही साधी गोष्ट मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितली. ती निदानाच्या दिवशीच कळायला हवी होती.

त्यांनीच मला ताई ची शिकवायला घेतले. चीनमधला हा जुना व्यायामप्रकार, मुळात युद्धकलेचा. पण आम्ही करतो ते इतके सावकाश की बाहेरून पाहणाऱ्याला व्यायाम चालला आहे असे वाटणारही नाही. गुडघे किंचित वाकवून उभे राहायचे. सगळा भार हळूहळू उजव्या पायावर घ्यायचा, डावी टाच उचलायची, पाऊल पुढे टेकायचे आणि मगच भार तिकडे सरकवायचा. हात छातीसमोरून पाण्यात फिरवावेत तसे फिरतात, श्वास अडवायचा नाही. चटई लागत नाही, जमिनीवर बसावे लागत नाही. खाली बसून उठणे ज्यांना जड जाते त्यांना याचे मोल कळेल. उभे राहवत नसेल तर खुर्चीत बसूनही करता येते.

हा माझ्यापुरता अनुभव असता तर वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमध्ये याचा रीतसर अभ्यास झाला आहे. २०१० साली ६६ रुग्णांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, आठवड्यातून दोनदा, एकेक तास. २०१८ साली २२६ रुग्णांवर त्याहून मोठा अभ्यास झाला. त्यात ताई चीची तुलना थेट एरोबिक म्हणजे श्वास आणि ठोके वाढवणाऱ्या व्यायामाशी केली गेली आणि ताई ची त्याच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरले. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. १२ आठवड्यांपेक्षा २४ आठवडे करणाऱ्यांना जास्त फायदा झाला, पण आठवड्यातून एकदा येणारे आणि दोनदा येणारे यांच्यात लक्षणीय फरक पडला नाही. आणि ताई चीच्या वर्गांना हजेरी ६२ टक्के होती, एरोबिकला ४० टक्के. ज्या व्यायामाला माणसे टिकतात तोच उपयोगी पडणार. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेनेही २०१७ च्या शिफारशींत औषधांसकट सगळ्या उपायांमध्ये ठाम शिफारस केली ती एकट्या व्यायामाची.

याने आजार बरा होत नाही. माझ्या गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही त्या बंद करू नयेत. पण मला झोप आता सलग लागते, आणि नारळाची एक कवड तरी न थांबता खवता येते. पूर्वी अर्ध्यावरच खांदे भरून येत.

पावसाचाही विचार करावा लागेल. चार महिने आमच्या वाटांवर शेवाळ धरते, चढ-उतार निसरडे होतात. ‘चाला’ हा सल्ला जूनमध्येच संपतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. पणजीत मिरामारला किंवा कांपालला राहणाऱ्यांचे थोडे तरी निभते, सत्तरी-सांगेसारख्या डोंगराळ तालुक्यांतल्या बाईने कुठे चालावे? म्हणून छप्पर हवे, सपाट कोरडी जमीन हवी आणि चार बायका सोबत हव्यात.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. सगळीकडे उद्याच सुरू करा असे मी म्हणत नाही. आधी प्रत्येक तालुक्यात एक सभागृह आठवड्यातून एक तास द्यावे, तेही दुपारच्या वेळी, कारण सकाळी आमचे अंग आखडलेले असते. शिकवायला आरोग्य खात्याच्या फिजिओथेरपिस्टने यावे. ताई ची येत नसेल तर खुर्चीतली योगासने, सावकाश ताण देण्याचे प्रकार चालतील, मात्र शिकवणाऱ्याला हा आजार माहीत असला पाहिजे. ‘अजून थोडे, अजून थोडे’ म्हणणारा प्रशिक्षक आम्हाला नको. वर्ग निदान सहा महिने तरी चालावा. आणि डॉक्टरांना विनंती, गोळीचे प्रमाण लिहिता तसे व्यायामाचेही लिहा: किती मिनिटे, आठवड्यातून किती दिवस आणि कधी थांबायचे.

आमच्या गावात अशी सोय झाली तर हजेरी मांडणे, फोन करून बायकांना आणणे हे काम मी आनंदाने करीन. आणखी कोणी तयार असल्यास त्यांनीही आपापल्या पंचायतीला लेखी अर्ज द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कवळे, फोंडा