केंद्रीय कायदा व न्याय मंत्र्यांना खुले पत्र: मतदानाच्या आदल्या रात्रीचा गुन्हा दखलपात्र करा

प्रति,
माननीय केंद्रीय कायदा व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

मी खान्देशातल्या तापीकाठच्या एका गावात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. नोकरीत असताना केंद्राध्यक्ष म्हणून अनेक निवडणुका पार पाडल्या. सातपुड्यातल्या पाड्यांवर मतदान यंत्रे घेऊन आधी जीपने आणि पुढे पायी गेलो. नर्मदाकाठच्या मणिबेलीकडे तर पथके बोटीने जातात. थोड्याशा मतांसाठी सरकार एवढे कष्ट घेते, याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि म्हणूनच त्या मतासाठी आदल्या रात्री जे पैसे वाटले जातात ते आपल्यापुढे मांडावेसे वाटले.

मागच्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबर 2024 रोजी होते. जाहीर प्रचार 18 तारखेच्या संध्याकाळी थांबला, भोंगे बंद झाले, आणि मग ती रात्र आली जिला आमच्याकडे सगळेच ‘कत्तलची रात’ म्हणतात. दोन तरुण मतदार यादीची पाने वहीत घालून गल्लीत दारोदार फिरले. ‘तुमना घरमा कितला मतं शेतस?’ एवढाच त्यांचा प्रश्न असे. माझ्या शेजारी कापूस वेचायला जाणारी एक विधवा बाई राहते, तिच्या घरात तीन मते आहेत. पाकीट हातात देण्याआधी त्यांनी तिला देव्हाऱ्यासमोर उभे केले आणि आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीची आण घ्यायला लावली. सकाळी रांगेत जाण्यापूर्वी ती माझ्या ओट्यावर आली आणि हळूच विचारले, ‘मास्तर, आन मोडी तं कानबाई कोपी का?’

लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 मधील कलम 123 मतदाराला दैवी कोपाची भीती घालणे हे गैरवाजवी दडपण मानते आणि त्याला भ्रष्ट आचरण ठरवते. म्हणजे त्या बाईच्या देव्हाऱ्यासमोर काय घडू शकते, हे कायदा करणाऱ्यांनी कधीच ओळखले होते. पण या कलमाचा आधार घ्यायचा तर निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते, खर्चापोटी 2000 रुपये अनामत भरावी लागते आणि वकील लावावा लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या आमच्या तिन्ही जिल्ह्यांसाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. कापूस वेचणाऱ्या बाईने तिथवर कसे जावे?

दुसरा रस्ता पोलीस ठाण्याचा. त्याच दिवशी मी ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदारांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, अदखलपात्र नोंद केली आणि पुढची दाद न्यायालयात मागा असे सांगितले. त्यांच्यावर माझा राग नाही, कारण त्यांनी कायद्यात आहे तेच केले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 173 प्रमाणे मतासाठी लाच देण्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि लाच जर जेवणावळी व दारूच्या रूपात असेल तर फक्त दंड. गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तो आदेश मिळेपर्यंत मतदान संपलेले असते आणि पैसेही वाटून झालेले असतात.

आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवरून तक्रार करता येते आणि आयोग 100 मिनिटांत कारवाईचे उद्दिष्ट ठेवतो, हे मी जाणतो. ती सोय चांगली आहे, भिंतीवरच्या फलकांना आणि रात्री दहानंतरच्या भोंग्यांना तिचा वचक बसला आहे. पाकिटाचे मात्र तसे नाही. पाकिटाचा फोटो ज्याच्या हाती पाकीट आहे त्यालाच काढता येतो, आणि लाच स्वीकारणारा मतदारही कायद्याने देणाऱ्याइतकाच गुन्हेगार असल्यामुळे तो फोटो त्याच्याच विरुद्ध पुरावा होतो. मग दारात उभ्या राहिलेल्या, गावात वजन असलेल्या माणसांना नाही म्हणण्याची ताकद ज्यांच्यात नाही, त्या गरिबांनी बोलावे तरी कोणाच्या भरवशावर?

संपूर्ण आदर्श आचारसंहितेलाच कायद्याचे रूप द्या, अशी मागणी अनेक जण करतात. माझी तशी मागणी नाही. 1960 मध्ये केरळात सुरू झालेली ही संहिता पक्षांच्या संमतीवर उभी आहे. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी नव्वदच्या दशकात तिला जरब आणली ती नवा कायदा न करताच, आणि भाषणाची प्रत्येक तक्रार न्यायालयात गेली तर निवडणूक उलटून जाईल तरी निकाल लागणार नाही. पैशाची गोष्ट वेगळी आहे. तिथे संमती नको, धाक हवा.

म्हणून माझी विनंती अशी आहे की मतांसाठी लाच देणे हा गुन्हा दखलपात्र करावा आणि त्याची शिक्षा वाढवावी. जो मतदार ठरावीक मुदतीत, समजा तीन दिवसांत, पाकीट जमा करून जबाब देईल त्याला आरोपी न करता साक्षीदार मानावे. पोलिसांच्या हाती असा अधिकार दिला तर सत्ताधारी त्याचा दुरुपयोग करतील, हा आक्षेप मी मोकळेपणाने मान्य करतो. पण निवडणूक काळात पोलीस हे आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे 1951 च्या कायद्याचे कलम 28क सांगते. शिवाय अशा तपासावर आयोगाच्या निरीक्षकांची नजर राहील अशी तरतूद करता येईल. गृह मंत्रालयाशी बोलून हे विधेयक आपणच पुढे न्यावे.

त्या बाईला मी त्या सकाळी सांगितले की जबरदस्तीने घेतलेली आण देवी धरत नाही, मत तुला वाटेल त्यालाच दे. तिने काय केले ते मी विचारले नाही, विचारणे योग्यही नव्हते. आपल्या खात्याने बोलावले तर मी माझा अनुभव लेखी द्यायला तयार आहे. तिचे नाव मात्र आज देता येणार नाही, कारण आजच्या कायद्यात आरोपी म्हणून पहिली तीच सापडेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, तापीकाठ, खान्देश