ती बिअर नव्हती, आई

म्युनिक, रविवार रात्र

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि बाबा पेपरात डोकं घालून सगळं ऐकतात. म्हणून लिहितेय. हातात बिअरचा ग्लास असलेला तो फोटो ग्रुपवर मीच टाकला, चूक माझी. त्यावर काकूंनी "बाळ अंगावर पितंय ना अजून?" असं विचारलं, तेव्हा तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथं बसून दिसलं.

ती बिअर नव्हती. म्हणजे होती, पण बिनदारूची. आता हे नीट ऐक. इथं बाळंतपणानंतर दाई घरी येते. हेबामे म्हणतात तिला. पहिले दहा दिवस रोज आली तरी पैसे विम्यातून जातात. तीच म्हणाली, माल्टबिअर पी. काळी, गोड, काकवीला फेस आणल्यासारखी लागते. पूर्वी बाळंतिणीला खरीच बिअर पाजायचे, दूध वाढतं म्हणून. पण जे काही वाढतं ते म्हणे जवामुळं. दारूनं उलट पान्हा कमी सुटतो. म्हणून आता बिनदारूची. त्यातही 0.5 टक्क्यापर्यंत चालते, तरी नाव बिनदारूचीच. आणि ते हॉटेल नव्हतं गं, बिअरगार्टन. झाडाखाली बाकडी, शेजारी बाबागाड्या, आणि खायला घरून नेलेलं चालतं. मी थालीपीठ नेलं होतं. फोटोत ते कुणालाच दिसलं नाही.

आणि तू पाठवलेल्या दशमूलारिष्टाच्या बाटलीवर काय छापलंय ते वाच एकदा. आपोआप तयार झालेलं अल्कोहोल! दोन चमचे घ्यायचं म्हणून औषध, एवढंच. हेबामे केवढी हसली.

आता खरं सांगते, बाबांना सांगू नकोस. एकदा घेतली. मागच्या महिन्यात जावयांच्या ऑफिसातल्या एकाच्या लग्नात, अर्धा ग्लास वाइन. जेवून घेतली. रक्तात असते तितकीच दुधात उतरते आणि रक्तातून गेली की दुधातूनही जाते. एका ग्लासाला दोन-तीन तास धरायचे. पिळून टाकल्यानं लवकर जात नाही, हे मला पाठ आहे. तरी रात्री दीड वाजता बेसिनपाशी उभी राहून 60 मिली पिळलं आणि ओतून दिलं. पांढरी धार जाळीतून जाताना बघितली. चिऊ फ्रीजरमधलं आधीचं दूध पिऊन ढिम्म झोपली होती. मीच घड्याळ बघत बसले. परत घेतली नाही, घेणारही नाही. म्हणजे घेतली तरी बिघडत नाही, पण नाही घेणार.

वजन छान वाढतंय तिचं. मालिश तेलानंच करते. काळजी नको.

दादाच्या लग्नाचं म्हणशील तर हॉलचे पैसे शुक्रवारी टाकते, दागिन्यांचे पुढच्या महिन्यात. सध्या पगार नाही, पालक भत्ता आहे, तो पगाराच्या साधारण 65 टक्के. त्यामुळे थोडं मागेपुढे होईल, दादाला म्हणावं रागावू नकोस. येण्याचं मात्र जमेलसं वाटत नाही. चिऊचा पासपोर्ट व्हायचाय, तिकिटंही महाग आहेत. हळदीला व्हिडिओवर असेनच. माझी जांभळी पैठणी वहिनीला आवडली तर देऊन टाक.

तुझी,
मनू

ता. क. अळीव पाठवू नकोस म्हणाले होते ना मागे? पाठव.