‘शिक्षण : नववी’ खोडणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही “त्यात काय एवढं” म्हणून पावसापाण्याचं विचारायला लागता. म्हणून हे उघडं पत्र. इथे तुम्हाला विषय बदलता यायचा नाही.

मुलांसाठी दिगंबर जैन मुनी आचार्य विद्यासागर महाराजांचं छोटं चरित्र लिहायला घेतलं, तेव्हा माझ्याजवळ नावं आणि तारखाच होत्या. जन्म १० ऑक्टोबर १९४६, शरद पौर्णिमा. घर बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचं. वडील मल्लप्पा अष्टगे, आई श्रीमंती, मुलाचं नाव विद्याधर. त्याखाली मी एक ओळ लिहिली होती, ‘शिक्षण : नववी’. तुम्ही ती लाल शाईने खोडलीत आणि समासात लिहिलंत, “इथे शाळा सुटली. शिक्षण कुठे सुटलं?”

खरं सांगू? तेव्हा राग आला होता. नववी म्हणजे नववी, त्यात खोडण्यासारखं काय! मग तुमची कानडी टिपणांची वही आली आणि त्यानंतर सलग चार रविवार तुम्ही फोनवर एकेक पान मराठीत उलगडून सांगत राहिलात. चौथ्या रविवारी तर तुमचा घसा बसला होता.

विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला पुन्हा उभारी देणाऱ्या आचार्य शांतिसागर महाराजांचं भोज हे गाव सदलग्याच्या पंचक्रोशीतलंच, हे मला नकाशा उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या मातीत दिगंबर मुनी हे काही लांबून दर्शन घेण्याचं अप्रूप नव्हतं, हे तुम्ही सांगितलंत आणि विसाव्या वर्षी घर सोडणारा मुलगा मला थोडा कळला.

१९६६ मध्ये आचार्य देशभूषण महाराजांकडून ब्रह्मचर्यव्रत घेतलं आणि पुढच्या वर्षी विद्याधर राजस्थानात ज्ञानसागर महाराजांपुढे जाऊन उभा राहिला. घरची भाषा कानडी, समोर हिंदी मुलूख आणि शिकायचं संस्कृत, प्राकृत, व्याकरण, न्याय म्हणजे तर्कशास्त्र. गुरू वयोवृद्ध. शिकून निघून जाशील, अशी शंका त्यांनी काढली, तेव्हा विद्याधरने जन्मभरासाठी वाहनाचा त्याग केला, असं सांगतात. हे सांगताना तुम्ही क्षणभर थांबला होतात. मीही काही बोलले नाही.

ज्ञानसागर महाराज म्हणजे पूर्वाश्रमीचे पंडित भूरामल. काशीत गमछे विकून शिकलेले आणि संस्कृतात महाकाव्यं लिहिलेले. असा शिक्षक भेटल्यावर नववीचा दाखला कोण बघतो! अजमेरला ३० जून १९६८ रोजी विद्याधरला मुनिदीक्षा मिळाली. क्षुल्लक, ऐलक या मुनिपदाआधीच्या पायऱ्या न चढता थेट मुनी, तेही एकविसाव्या वर्षी. मी हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले होते. तुम्ही त्यावर हसला नाहीत, याचे आभार वेगळे.

सगळ्यात जास्त वेळ आपण २२ नोव्हेंबर १९७२ वर घालवला. नसीराबादला ज्ञानसागर महाराजांनी आपलं आचार्यपद शिष्याला दिलं, स्वतः खालच्या आसनावर बसले आणि कालच्या विद्यार्थ्याकडे सल्लेखनेसाठी, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडत मरणाला सामोरं जाण्याच्या व्रतासाठी, निर्यापक आचार्य, म्हणजे ते व्रत पार पाडून घेणारा मार्गदर्शक, होण्याची विनंती केली. पुढच्या जूनमध्ये ते गेले. गुरुशिष्यांना मिळाली ती जेमतेम सहा वर्षं. हा प्रसंग मी दीड ओळीत उरकला होता, आता त्याला पूर्ण प्रकरण दिलंय. दीक्षेच्या मिरवणुकीचं वर्णन मात्र कापलं. तुम्ही नको म्हणालात, ते बरोबरच होतं.

१९८८ साली विद्यासागर महाराजांचं ‘मूकमाटी’ हे महाकाव्य आलं ते हिंदीत, म्हणजे विशीत जाऊन शिकलेल्या भाषेत. चरित्र मी तिथेच थांबवलंय.

वही कुरियरने पाठवायला मन होत नाही. दिवाळीत स्वतः घेऊन येते. कानडी मुळाक्षरं गिरवायला घेतली आहेत. पहिल्या पानावरचं ‘विद्याधर’ आता तुमच्या मदतीशिवाय वाचता येतं, जोडाक्षरापाशी थोडी अडखळते एवढंच.

आपली,
लाल शाईची ऋणी