मावशीचा वाढदिवस बारालाच असतो

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि. हे फोनवर सांगायला गेले तर आई मध्येच "जाऊ दे गं" म्हणेल आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन उठून जातील. म्हणून लिहितेय.

आपल्या घरच्यांच्या वाढदिवसांचं जे वेबपान मी बनवलंय, त्यावरून आई, आधी तुझी माफी मागायची आहे. तू मावशीला ११ मार्चलाच फोन करून शुभेच्छा दिल्यास. ती खूप हसली. मग तू मला विचारलंस, "तुझ्या त्या पानावर अकरा कशी काय दिसते?" त्यावर मी काय म्हणाले ते मला चांगलं आठवतंय: "तूच चुकीची टाकली असशील." तू पुढे काही बोलली नाहीस. तू बाराच टाकली होतीस. चूक माझी होती आणि ती सापडायला मला तीन रात्री लागल्या.

पहिली रात्र महिन्यांवर वाया गेली. मी ज्या भाषेत हे लिहिते, त्या जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, मार्च दोन, डिसेंबर अकरा. तारखा मात्र एकपासून. ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला सांगाडा मे १९९५ मध्ये दहा दिवसांत उभा केला आणि तारखांचा भाग जावा या दुसऱ्याच भाषेतून जवळजवळ जसाच्या तसा उचलला गेला. ही खोड त्याच्याबरोबर आली. आता कुणी ती काढायचीही सोय नाही, कारण जगभरची पानं ती खोड गृहीत धरून लिहिलेली आहेत. मला वाटलं, चोर हाच. पण महिना बरोबर होता, गडबड तारखेत होती. दोन वाजता लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या रात्री मी तुझ्यासारखीच बसले. फोन हातात घेऊन एका वेगळ्या नोंदीत मावशीचं नाव लिहिलं, १२ मार्च टाकली आणि 'जतन करा' दाबलं. पान बंद करून परत उघडलं. अकरा. काहीही न बदलता पुन्हा जतन केलं. दहा. पुन्हा केलं. नऊ! बटण दाबलं की मावशी एक दिवसाने मोठी होत होती. आई, मी एकटीच मोठ्याने हसले, आणि मग एकदम तुझं ते गप्प बसणं आठवलं.

कारण असं की, मी तारीख म्हणून जे साठवत होते ती तारीख नव्हतीच, तो एक क्षण होता. 'बारा मार्च' म्हटलं की यंत्र 'बारा मार्च सुरू होतानाचे मध्यरात्रीचे बारा' असं धरायचं, आपल्या घड्याळाप्रमाणे. साठवताना तो क्षण ग्रिनिचच्या वेळेत बदलला जायचा. आपलं घड्याळ ग्रिनिचच्या पुढे आहे, त्यामुळे आपल्याकडे बारा तारीख सुरू होते तेव्हा तिथे अजून अकराची संध्याकाळ असते. मी त्यातला वेळ कापून टाकायचे आणि फक्त तारीख ठेवायचे. म्हणजे अकरा. बाकीचे वाढदिवस बरोबर का होते? कारण ते मी सुरुवातीला तुझ्या जुन्या डायरीतून हाताने फाइलमध्ये टंकले होते. 'नवी नोंद' वापरणारी तू पहिलीच. म्हणजे त्या खोलीचं दार तू उघडलंस आणि छत तुझ्याच डोक्यावर पडलं.

तिसऱ्या रात्री दुरुस्ती केली. पाच ओळी गेल्या, एक आली. वाढदिवसाला तास-मिनिटं लागतच नाहीत, वर्ष-महिना-दिवस साध्या अक्षरांत लिहून ठेवले की झालं. तुझ्या डायरीत ते तसंच होतं म्हणा.

आता बाबा. तुम्ही आयुष्यभर प्रुफं तपासलीत, तेव्हा हे पान तुमच्या नजरेला पडलं की काय होणार याची मला धास्ती होतीच. तुम्ही एकच वाक्य बोललात, "मार्चचा माच झालाय." मी माझ्या स्क्रीनवर पाहिलं तर रफार जागेवर होता. तुमच्या फोनवर अक्षर मोठं केलेलं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ओळीची उंची मी इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरावीक धरली होती आणि चौकटीबाहेर जाईल ते कापायला सांगितलं होतं. इंग्रजीत वरती फारसं काही जात नाही. आपल्याकडे वर रफार, वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार. अक्षर मोठं झालं की सगळं चौकटीबाहेर. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना जे पहिल्या आठवड्यात कळत असेल, ते मला तुमच्या एका टोमण्याने कळलं.

मथळ्यातली शिरोरेषा तुटल्याचंही तुम्हीच दाखवलंत. अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडली की मथळा ऐटदार दिसतो, असं मी इंग्रजी पानांवर पाहिलं होतं. देवनागरीत तसं केलं आणि 'वाढदिवस'ची पाच अक्षरं पाच वाटांना गेली.

आणि 'एप्रिल'मधला ल. "हा हिंदीचा ल आहे," तुम्ही म्हणालात. मी वादच घातला, कारण संगणकाच्या हिशेबी ल एकच. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, दोन्ही 'ल'ना मिळून एकच क्रमांक आहे. पण बरोबर तुम्हीच निघालात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. पान मराठी आहे असं सांगितलं तर तो मराठी वळण काढतो. माझ्या पानाच्या डोक्यावर 'भाषा: इंग्रजी' तसंच राहून गेलं होतं, कारण सुरुवातीचा साचा मी कुठूनतरी उचलला होता. दोन अक्षरं बदलली. ल आणि श दोन्ही सुधारले.

तुम्हाला मात्र दोन दिवस जुनाच ल दिसत राहिला आणि "काही बदललेलं नाही" असा तुमचा रोज निरोप यायचा. ब्राउझर एकदा आणलेलं पान स्वतःजवळ ठेवून देतो आणि विचारलं की तेच परत दाखवतो. मी नवं चढवत होते, तुम्ही जुनंच वाचत होतात आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होतो. यावर मी किती चिडले ते लिहीत नाही.

आई, त्या 'जतन करा' बटणाचंही सांगते. तू म्हणालीस दिसत नाही, मी म्हणाले खाली बघ नीट. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं होती, रात्री दोन वाजता मला ती फार सुंदर वाटली होती. पानं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून जे निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा म्हटलंय. माझा मोजला तर ३ सुद्धा भरला नाही. तुझ्या चष्म्याचा काही दोष नव्हता. बटण आता गडद निळं आहे. जरा भडक दिसतं, पण राहू दे.

बाबा नेहमी विचारतात, दिवसभर ऑफिसात हिशोब करून रात्री पुन्हा हे कशाला, आणि पैसे कोण देतं? कुणी नाही देत. आणि हिशोबाचं म्हणाल तर या भाषेत ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण यंत्र आतून दोनाच्या पटीत मोजतं आणि ०.१ त्यात नेमका बसतच नाही. ऑफिसात अशी बेरीज दाखवली तर मला घरीच पाठवतील! पण अकरा-दहा-नऊ अशी मावशीची तारीख मागे मागे जाताना पाहिली आणि एकदम कळलं का ते, तेव्हा जे वाटलं ते मला ऑफिसात वर्षभरात एकदाही वाटत नाही. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

दोन कामं आहेत. आई, तू केलेल्या मावशीच्या नोंदीला मी हात लावलेला नाही, ती अजून अकराच आहे. तूच उघड, १२ कर आणि जतन कर. मग परत उघडून बघ आणि काय दिसतं ते मला सांग. वेगळं काही दिसलं तर ते माझंच चुकलेलं असेल, तू परत टाकत बसू नकोस.

बाबा, पूर्ण पान कागदावर छापून सोबत पाठवतेय. समासात लाल पेनाने खुणा करून परत पाठवा. ऑक्टोबरच्या ओळीत काहीतरी खटकतंय, मला अजून कळलेलं नाही काय.

तुमची,
मनू