बोंडअळीला बांध कळत नाही

संपादक महोदय,

2017 साली गुलाबी बोंडअळीने आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचं वाटोळं केलं. वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं, की आत पिवळी डागाळलेली रुई, पोखरलेली सरकी आणि अळी. गेल्या हंगामात मी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावले, डिसेंबरातच पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटली. शेजारच्या तिन्ही शेतांत मात्र फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही जास्तीच्या वेच्यांसाठी राखलेला कापूस, मार्चपर्यंत उभी होती. अळी तिथेच पोसली. शेजाऱ्यांना दोष देत नाही, दोन वेचे जास्त मिळाले तर कोणाला नकोत? म्हणूनच ग्रामसभेत तारीख ठरवून सगळ्या गावाने एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढावी, शिवेला शीव लागलेल्या गावांनाही सोबत घ्यावं. पऱ्हाटीचा भुगा करणाऱ्या श्रेडर यंत्राचं भाडं वाटून घेऊ; माझा वाटा मी आधी देतो.

— एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ