मृगाच्या आधी, परसातून

जिल्हा यवतमाळ,
३ जून

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कवेलूंवर टेकलेली कडुनिंबाची फांदी मृग लागण्यापूर्वी तोडून घे, असे बाबांनी दोनदा बजावूनही मी ती तोडलेली नाही. कारण फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

त्या फांदीच्या बेचक्यात कावळ्यांनी घरटे बांधले आहे. काड्यांच्या जोडीला कुंपणाच्या तारेचे तुकडेही त्यांनी ओढून नेले. काल सकाळी कोकीळ समोरच्या आंब्यावर येऊन ओरडू लागला, दोन्ही कावळे चिडून त्याच्यामागे लागले आणि तेवढ्यात ठिपक्यांची मादी गुपचूप घरट्यात शिरून बाहेर आली. तिने अंडे घातले की नाही, हे खालून दिसत नाही. घातले असेल, तर तिचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या दोन-तीन दिवस आधीच बाहेर पडेल, कारण कावळ्याची अंडी उबायला सोळा-सतरा दिवस लागतात. पुढे पिल्ले उडायला आणखी जवळपास महिना लागतो. तोवर फांदीला बांबूचा टेकू दिला आहे आणि घासून फुटलेली सात कवेलू बदलली आहेत. त्या कामात कावळ्याने माझ्या डोक्यावर दोनदा चोच मारली, हे आईला सांगायचे नव्हते, पण शेजारून कळेलच.

मोरीचे पाणी जाते त्या अळूच्या वाफ्यात परवा सरड्याची मादी खड्डा खणताना दिसली. एवढ्या उन्हात मऊ, ओली माती तिथेच उरली आहे, म्हणून अंडी घालायला तिने ती निवडली असावी. तिचा नर लालभडक मान घेऊन कुंपणावर दंडबैठका काढत असतो. तो वाफा मी यंदा उकरणार नाही. चुलीमागच्या मुंग्या पांढरे कोष तोंडात धरून भिंतीवर चढत आहेत.

विहिरीवरच्या बाभळीला मात्र अजून गेल्या वर्षीचे वाळके खोपेच लोंबत आहेत. सुगरणीचे नर पिवळे झाले आहेत, पण खोपा विणायला गवताची हिरवी, लांब पाती लागतात आणि ती पावसाशिवाय मिळत नाहीत. म्हणून पऱ्हाटी लावायला आपण जसे थांबलो आहोत, तसेच तेही थांबले आहेत. पहिल्या सरीला भुलून पेरू नये, हे बाबांचे म्हणणे त्यांना कोणी शिकवले, कोण जाणे.

मृगाचा किडा निघाला, की आईला लगेच कळवीन. लहानपणी मी तो आगपेटीत ठेवायचो आणि ती रागावून सोडायला लावायची. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो किडा नव्हेच, कोळ्याच्या नात्यातला आहे, हे मला फार उशिरा कळले.

फांदीबद्दल बाबांनी होकार कळवावा. नकार द्यायचा असेल, तर तो जुलैचा पंधरवडा उलटल्यावर कळवावा.

आपला,
धाकटा