हक्कांची पुस्तिका कामगाराच्या खिशात मावली पाहिजे

महोदय,

स्थलांतरित कामगारांच्या बाबतीत एखादी दुर्घटना घडली की अग्रलेख येतात, परिसंवाद होतात आणि ‘त्यांना हक्कांची माहिती दिली पाहिजे’ यावर सर्वांचे एकमत होते. ती माहिती कोणत्या लिपीत छापायची, केवढ्या कागदावर, आणि ती कामगाराजवळ सापडली तर त्याचे काय होईल, हे प्रश्न तिथे कुणी काढत नाही. आम्ही चळवळीसाठी पत्रके आणि पुस्तिका छापणारी माणसे आहोत. आमचे म्हणणे असे की हे प्रकाशन फसते ते मजकूर मिळमिळीत असतो म्हणून नव्हे. मजकूर छापखान्यात जाण्याआधीचे आणि गठ्ठे बाहेर पडल्यानंतरचे काम कुणी अंगावर घेतलेले नसते, म्हणून फसते.

भाषेचेच पाहा. जून १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बनला गांधीजींशी निगडित ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक सुरू झाले तेव्हा त्यात इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि तमिळ असे चार विभाग होते. १९०६ मध्ये बंद पडले ते हिंदी आणि तमिळ, कारण त्या भाषांचे संपादक आणि खिळे जुळवणारे मिळेनात. व्यापाऱ्यांची गुजराती राहिली, गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांच्या भाषा गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोहून १ नोव्हेंबर १९१३ रोजी स्थलांतरित भारतीय क्रांतिकारकांचा ‘गदर’ हा अंक निघाला तो आधी उर्दूत, आणि काही आठवड्यांतच गुरुमुखीत. वाचणारे बहुतेक पंजाबी बोलणारेच, पण प्रत्येकाने गिरवलेली लिपी एक नव्हती. म्हणून ‘तुमची भाषा कोणती’ एवढे विचारून भागत नाही. ‘वाचायला कोणत्या लिपीत शिकलात’ आणि ‘घरी निरोप कसा पाठवता’ हे दोन प्रश्न आधी विचारावेत. निरोप आवाजातच जात असेल, तर पत्रकाबरोबर दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रणही हवे.

भाषांतर एकाने करावे आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत आणावे. या उलट भाषांतरात खरे दोष उघडे पडतात. ‘सही करण्यास तुम्ही नकार देऊ शकता’ याचे ‘सही करू नका’ झालेले असते. पहिला हक्क आहे, दुसरा हुकूम. तो हुकूम पाळून कामगाराने पगाराच्या पावतीवरही सही नाकारली, तर पैसे त्याचेच अडकतात. यानंतर मांडणीतले घात. फाइलमध्ये फॉन्ट समाविष्ट नसेल तर जोडाक्षरे सुटतात, बर्मी मजकूर झॉजी आणि युनिकोड या अक्षरे संगणकात साठवण्याच्या दोन पद्धतींत अडकून निरर्थक होतो, आणि उर्दू-अरबीत उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत फोन नंबरच्या अंकांचे गट मागेपुढे होतात. अक्षरांचे आउटलाइन करूनच, म्हणजे त्यांचे चित्रात रूपांतर करून, फाइल द्यावी. ती भाषा वाचणाऱ्या माणसाने शेवटचे प्रूफ कागदावर पाहावे, आणि प्रुफातला प्रत्येक नंबर त्याच कागदावरून वाचून लावून पाहावा.

दोन भाषा असतील तर त्या वेगवेगळ्या पानांवर टाकू नयेत. समोरासमोर, त्याच क्रमांकाने छापाव्यात, म्हणजे कामगार पाचव्या मुद्द्यावर बोट ठेवतो आणि समोरचा अधिकारी तोच पाचवा मुद्दा स्वतःच्या भाषेत वाचतो. अमेरिकेत वाटली जाणारी छोटी लाल कार्डे याच कल्पनेवर आहेत. एका बाजूला धारकाच्या भाषेत त्याचे हक्क, दुसऱ्या बाजूला अधिकाऱ्याला दाखवायचे इंग्रजी निवेदन.

छपाईआधी सहा-सात जणांकडून वाचून घ्यावे, आणि तेही ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे त्यांच्याकडून. ‘समजले का’ असे विचारले तर सगळे हो म्हणतात. ‘मुकादमाने पासपोर्ट मागितला तर काय कराल, यातून शोधून दाखवा’ असे विचारावे. अर्ध्या मिनिटात सापडले नाही तर दोष मांडणीचा असतो, वाचणाऱ्याचा नाही.

आकाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच सर्वाधिक कागद वाया जातो. ए४ आकाराची गुळगुळीत पुस्तिका देणगीदाराच्या टेबलावर शोभते. ती खोलीत लपवता येत नाही आणि कामावर नेता येत नाही. ए४ ताव तीनदा दुमडला की ए७ होतो, म्हणजे ७४ बाय १०५ मिलिमीटर. पासपोर्ट ८८ बाय १२५ असतो, त्यामुळे हे पत्रक त्यात सहज बसते. पिन नको, कटिंग नको, आणि दोन्ही बाजू मिळून सोळा चौकटी मिळतात. मात्र पासपोर्ट मालकाने काढून घेतलेला असतो तिथे हा हिशेब कोलमडतो. तिथे एटीएम कार्डाएवढे कार्ड करावे, फोनच्या कव्हरमागे राहील असे, आणि त्यावर तीनच गोष्टी असाव्यात: मदतीचा नंबर, तक्रार नोंदवण्याचे ठिकाण आणि ‘दुभाष्या हवा’ हे वाक्य स्थानिक भाषेत.

आमच्या मते सर्वांत उपयोगी प्रकाशन आहे ते हजेरी-डायरी. मजुरी बुडवल्याच्या तक्रारीत कामगार हरतो तो बहुतेक वेळा किती तास काम केले याची नोंद नसल्याने, आणि मालकाच्या रजिस्टरवर मालकाचेच अक्षर असते. ए६ आकार घ्या. पानाची उंची १४८ मिलिमीटर. ३१ दिवस एका पानावर कोंबले तर एका ओळीला जेमतेम ४ मिलिमीटर मिळतात आणि दिवसभर राबलेल्या हाताला त्यात लिहिता येत नाही. ७ मिलिमीटरची ओळ धरली तर पानावर १६ ओळी बसतात. महिन्याला दोन पाने, ३१ दिवसांच्या ३१ ओळी, उरलेल्या ओळीत महिन्याची बेरीज. बारा महिन्यांची २४ पाने आणि हक्कांच्या माहितीची ८, मिळून ३२. ए३ च्या एका तावात ए६ ची सोळा पाने निघतात, म्हणजे एका प्रतीला बरोबर दोन ताव. हजार प्रतींना ४ रीम (एका रीममध्ये ५०० ताव), शिवाय वाया जाणाऱ्या तावांसाठी शेकडा पाच ते दहा जास्त. रकाने एवढेच: तारीख, सुरुवात, सुट्टी, शेवट, हातात मिळालेले पैसे, कापलेले पैसे आणि कशासाठी कापले. कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे साधा, न चकाकणारा. आर्ट पेपरवर बॉलपेन घसरते आणि घामाच्या बोटाने शाई पसरते. मुखपृष्ठावर मूठ नको, घोषणा नको. साधी दिनदर्शिका दिसली पाहिजे, कारण झडती खोल्यांची होते. हे भित्रेपण नाही. पुस्तिका बाळगण्याचा धोका प्रकाशकाला नसतो, कामगाराला असतो, आणि धैर्य दुसऱ्याच्या खिशात ठेवायचा हक्क आम्हाला नाही.

रोज रात्री त्या पानाचा फोटो काढून घरी पाठवावा, ही सूचना पहिल्याच पानावर छापावी. डायरी हिसकावली तरी नोंद राहते.

आता कायद्याच्या मजकुराबद्दल. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १८ डिसेंबर १९९० रोजी संमत झाला आणि १ जुलै २००३ पासून लागू आहे. अधिकृत सरकारी अधिकाऱ्याखेरीज कुणीही ओळखपत्रे जप्त करणे बेकायदा, असे त्याचे कलम २१ सांगते. पुष्कळ पत्रके हेच मोठ्या अक्षरांत छापतात. पण हा करार पश्चिम युरोपातील, उत्तर अमेरिकेतील स्थलांतरितांना घेणाऱ्या श्रीमंत देशांनी आणि आखाती देशांनी स्वीकारलेलाच नाही. तिथल्या पोलीस ठाण्यात कलम २१ दाखवणारा कामगार हात हलवत परत येतो आणि नंतर कुठल्याच पत्रकावर विश्वास ठेवत नाही. म्हणून पुस्तिकेत त्या देशाचा कायदा आधी, त्या देशाने मान्य केलेले करार नंतर. कायद्यातली पळवाटही छापावी. कतारच्या २०१५ च्या २१ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे निवास परवान्याचे काम झाल्यावर मालकाने पासपोर्ट परत दिला पाहिजे, पण कामगाराने लेखी विनंती केली तर तो मालकाकडे राहू शकतो. तेव्हा सूचना ‘पासपोर्ट मागा’ एवढीच पुरत नाही. ‘न वाचता येणाऱ्या कागदावर सही देण्याआधी त्याचा फोटो घ्या’ हीही हवी.

दुसरे उदाहरण याहून गंभीर. १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या कलम ३६ नुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. कामगारासाठी हे मोलाचे आहे. पण आपल्याच सरकारच्या छळातून पळून आलेल्या आश्रयार्थीने वकिलातीला कळवले, तर तिकडे राहिलेल्या कुटुंबावर बेतू शकते. दोघांसाठी एकच पत्रक छापणाऱ्यांनी ही ओळ वेगळ्या चौकटीत, ‘आश्रय मागितला असेल तर आधी वकिलाशी बोला’ अशा सूचनेसह द्यायलाच हवी.

फोन नंबर, किमान वेतन आणि तक्रारीची मुदत बदलत राहतात, म्हणून त्यांची स्वतंत्र चिठ्ठी करून आत सरकवावी. मुखपृष्ठावर ‘या तारखेपर्यंतचा कायदा’ ही ओळ हवी आणि वर्षाने जुने गठ्ठे परत गोळा करणारा माणूस ठरलेला हवा. जुने पत्रक कोऱ्या कागदापेक्षा वाईट.

कामगारांचे अनुभव छापताना नुसते नाव बदलून भागत नाही. गाव, यंत्र, दुखापत आणि तारीख एकत्र आली की मुकादम माणूस ओळखतो. यातल्या दोन गोष्टी तरी गाळाव्यात, फोटोतली ठिकाणाची माहिती पुसावी, आणि परवानगी दोनदा घ्यावी: सांगताना आणि छपाईसाठी जुळवलेले पान दाखवून. मालकाचे नाव छापायचे असेल तर करार, पावत्या, तक्रारीची पोच हाताशी हवी आणि त्याला प्रश्न लेखी पाठवलेले हवेत. मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता अनेक देशांत सक्तीचा आहे. तो नसला की अख्खा गठ्ठा जप्त करायला निमित्त मिळते.

लंडनमध्ये १९६६ साली त्रिनिदादहून आलेले जॉन ला रोझ आणि त्यांच्या सहकारी सेरा व्हाइट यांनी न्यू बीकन बुक्स ही प्रकाशनसंस्था सुरू केली, १९६९ मध्ये जेसिका आणि एरिक हंटली यांनी बोगल-लूव्हर्चुर ही दुसरी. न्यू बीकनने १९७१ मध्ये बर्नार्ड कोर्ड यांची छोटी पुस्तिका काढली. कॅरिबियन मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या शाळांत कसे ढकलले जाते, हे त्यात दाखवले होते आणि पालकांनी काय करायचे तेही. ती नुसत्या दुकानाच्या फळीवर राहिली नाही, कारण ती कॅरिबियन शिक्षक-कार्यकर्त्यांच्या संघटनेसाठीच काढलेली होती आणि ला रोझ स्वतः त्या कामात होते. छापणारे आणि संघटना बांधणारे एकमेकांना ओळखत नसले, की पुस्तिका गोदामात पडून राहते.

आपल्या दैनिकाकडे यासंबंधी एक मागणी आहे. परदेशी नोकऱ्यांच्या छोट्या जाहिराती कामगार हक्कांच्या पुस्तिकेपेक्षा कितीतरी आधी वाचतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार सांगतो की खासगी भरती एजन्सीने कामगाराकडून सर्वसाधारणपणे शुल्क घेऊ नये. एजंटचा परवाना क्रमांक, काम देणाऱ्या कंपनीचे नाव आणि कामगाराला भरावी लागणारी एकूण रक्कम, हे तिन्ही नसतील ती जाहिरात घेऊ नये. क्रमांक आला तर तो छापण्याआधी आपल्या जाहिरात विभागाने सरकारी यादीशी ताडून पाहावा, आणि त्याच स्तंभाच्या तळाशी तक्रारीचा नंबर रोज द्यावा.

— स्थलांतरितांच्या हक्कांसाठी पुस्तिका छापणारे काही कार्यकर्ते